स्मिता पाटील : एका नटीची गोष्ट

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)

दिवसभर शेतात राबून तुम्ही इथे आलात. काहीजणी चूल पेटवायची ठेवून आल्या. म्हणून फार लांबण लावणार नाही. पुढच्या बायांनो, जरा सरकून घ्या. मागच्यांनाही बसू द्या.

आज मी तुम्हांला एका नटीची गोष्ट सांगणार आहे.

नटी म्हटल्याबरोबर मागे कोणीतरी हसले. हसा, हसा. नटीचे काय ऐकायचे, असे तुमच्या मनात आले असेल. तोंडाला रंग लावायचा, नाचायचे, पैसा मिळवायचा. त्यापेक्षा संतांची गोष्ट सांगा, पुढाऱ्यांची सांगा. पण बाबांनो, गोष्ट पुरी ऐका. मग हसायचे की नाही ते ठरवा.

या नटीचे नाव स्मिता पाटील. ती आपल्या महाराष्ट्रातली. तिचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. ती गेली १३ डिसेंबर १९८६ रोजी. किती वर्षे झाली? बोटांवर मोजा. एकतीस. एकतीस वर्षांचे आयुष्य आणि त्यात जेमतेम अकरा-बारा वर्षांचे काम. पण तेवढ्या काळात तिने जे केले ते अजून लोक विसरले नाहीत.

घरचे वळण

स्मिताचे वडील शिवाजीराव पाटील. ते खानदेशातल्या शिरपूरचे. इंग्रजांच्या राज्यात ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले होते. पुढे ते राज्याचे मंत्री झाले. आई विद्याताई. त्या परिचारिकेचे काम करीत. आजाऱ्यांची सेवा आणि समाजाचे काम, दोन्ही त्यांनी केले.

आईवडील दोघेही राष्ट्र सेवा दलाचे. सेवा दलात जात पाहत नसत. मुलामुलींनी एकत्र खेळावे, गाणी म्हणावी, श्रमदान करावे, अशी तिथली रीत. सेवा दलाचे कलापथक असे. ते गाण्यांतून आणि नाटुकल्यांतून लोकांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगे. स्मिता या वातावरणात वाढली. माणूस सारखा, बाई काही कमी नाही, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नाही. ते तिने घरात पाहिले.

मुंबईत १९७२ साली दूरदर्शन सुरू झाले. पुढे त्यावर स्मिता मराठी बातम्या सांगू लागली. बातम्या सांगायला साडी लागे. आणि तिला तर पँट घालून हिंडायची सवय. मग ती काय करी? बातम्यांची वेळ झाली की पँटीवरूनच साडी गुंडाळी आणि बसे. टीव्हीवर कमरेपासून वरचेच दिसते ना! ही गोष्ट अजून लोक हसून सांगतात.

ती गोरीपान नव्हती. सावळी होती. त्या काळी सिनेमातली नटी म्हणजे गोरी हवी, असेच सगळे धरून चालत. पण तिचे डोळे फार बोलके. श्याम बेनेगल नावाचे मोठे दिग्दर्शक होते. त्यांनी तिला पाहिले आणि ओळखले, की ही मुलगी वेगळी आहे. त्यांच्या चित्रपटांत ती १९७५ पासून दिसू लागली.

दोन-दोन रुपयांचा सिनेमा

आता तुमच्या जवळची गोष्ट सांगते. तुमच्यापैकी किती जण डेअरीला दूध घालतात? हात वर करा. बघा, निम्म्याहून जास्त. दुधाला फॅट लागते, त्यावर भाव ठरतो, हे तुम्हांला सांगायला नको.

गुजरातेत दूध घालणाऱ्या शेतकऱ्यांनी आपल्या सहकारी संस्था काढल्या. त्यावर एक चित्रपट करायचे ठरले. पण पैसा कोण देणार? तेव्हा पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये दिले. किती झाले? दहा लाख. त्या पैशांतून १९७६ साली ‘मंथन’ नावाचा चित्रपट निघाला. कुणा शेठचा नाही, पाच लाख शेतकऱ्यांचा चित्रपट. तो लागला तेव्हा गावोगावचे लोक गाड्या भरभरून आपला सिनेमा बघायला गेले.

या चित्रपटात स्मिता बिंदू झाली आहे. बिंदू गावाबाहेरच्या वस्तीत राहणारी गरीब बाई. पदरी एक मूल. नवरा घर सोडून गेलेला. एका म्हशीच्या दुधावर तिचे पोट. गावातला दुधाचा व्यापारी भाव पाडून दूध घेतो. एक डॉक्टर शहरातून येतो आणि म्हणतो, तुमची स्वतःची संस्था काढा. बिंदूला आधी त्याचा भरवसा वाटत नाही. शहरातून येणाऱ्या माणसाने आजवर गरिबाचे कधी भले केले आहे? पण हळूहळू तिला पटते.

मग काय होते? व्यापाऱ्याला संस्था मोडायची असते. तो कारस्थान करतो. बिंदूचा नवरा परत आलेला असतो. एका कागदावर बिंदूचा अंगठा घेतला जातो. त्या कागदात डॉक्टरावर घाणेरडा आळ घेतलेला असतो. ज्या माणसाबद्दल तिच्या मनात चांगुलपणा होता, त्याच्याच विरुद्ध तिचा अंगठा उठतो.

बायांनो, इथे मला थांबावेसे वाटते. अंगठा तिचा होता. पण बोलणे दुसऱ्याचे होते. तिच्या नावावर दुसराच बोलला. असे आपल्याकडे किती वेळा झाले आहे? सातबाऱ्यावरून नाव गेले, कर्ज दुसऱ्याने काढले, वाटणीत हक्क सोडला, आणि कागदावर अंगठा आपला. म्हणून तर तुम्ही आज रात्री इथे पाटी घेऊन बसला आहात. खरे की नाही?

स्मिता शिकलेली, मंत्र्याची मुलगी. पण पडद्यावर ती बिंदूच वाटते. डोक्यावरचा पदर, चालणे, बोलणे, भांडणे, सगळे आपल्या वस्तीतल्या बाईचे. तिने गरीब बाईचे सोंग घेतले नाही. तिने तिला समजून घेतले.

‘भूमिका’ आणि ‘चक्र’

जुन्या माणसांना हंसा वाडकर आठवत असतील. ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि ‘सांगत्ये ऐका’ या चित्रपटांतली नटी. तिने आपले आयुष्य जसे घडले तसे सांगितले, आणि त्याचे पुस्तक झाले. त्यावरून १९७७ साली ‘भूमिका’ हा चित्रपट निघाला. त्यात स्मिता एका नटीचे काम करते. ती नटी लहानपणापासून कमावते. पैसा मात्र दुसऱ्याच्या हातात. कमवायचे तिने आणि ठरवायचे नवऱ्याने. ती घर सोडून एका श्रीमंताच्या वाड्यावर जाते. तिथे सुख आहे, मान आहे, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी. तेव्हा ती तेही सोडते. या कामासाठी स्मिताला देशातल्या उत्तम अभिनेत्रीचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. तेव्हा ती बावीस-तेवीस वर्षांची होती.

त्याच साली ‘जैत रे जैत’ हा मराठी चित्रपट आला. त्यात ती ठाकर समाजातली चिंधी झाली. पुढे जयवंत दळवींच्या कादंबरीवरून ‘चक्र’ हा चित्रपट निघाला. त्यात ती मुंबईच्या झोपडपट्टीतली अम्मा झाली. त्यासाठी ती झोपडपट्ट्यांत हिंडली. तिथल्या बाया कशा राहतात, पाणी कसे भरतात, पोरांवर कशा ओरडतात, हे तिने पाहिले. त्या कामासाठी तिला पुन्हा राष्ट्रीय पारितोषिक मिळाले.

पण ‘चक्र’च्या वेळी एक गोष्ट घडली. झोपडपट्टीत न्हाणीघर कुठले? बाई उघड्यावरच, कपड्यानिशी, दोन तांबे अंगावर घेते. चित्रपटात तसा एक प्रसंग आहे. गरिबीचे ते खरे रूप आहे. पण चित्रपटाची जाहिरात करताना त्याच प्रसंगाचे मोठमोठे फलक रस्त्यांवर लावले गेले. लोकांनी बघावे आणि तिकीट काढावे म्हणून.

स्मिताला याचा फार राग आला. तिने तो उघड बोलून दाखवला. गरिबाच्या वस्तीत नळावर न्हाणारी बाई दिसली तर शेजारी कोणी टक लावून बघत नाही. सगळ्यांचीच तशी गत. मग तेच दृश्य फलकावर रंगवून विकायचे, ही कोणती रीत?

आता बघा. बिंदूचा अंगठा दुसऱ्याने वापरला. इथे नटीचे चित्र दुसऱ्याने वापरले. बिंदू अडाणी होती, ही शिकलेली. तरी दोघींवर पाळी तीच. फरक एवढाच, की स्मिता गप्प बसली नाही.

उंबरठा

१९८२ साली ‘उंबरठा’ हा मराठी चित्रपट आला. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल. शांता निसळ यांच्या कादंबरीवरून तो केलेला आहे. उंबरठा म्हणजे आपला दाराचा उंबरा.

यात स्मिता सुलभा महाजन झाली आहे. घर खाऊनपिऊन सुखी. नवरा वकील. एक लहान मुलगी. पण सुलभा शिकलेली आहे. तिला काम करायचे आहे. दूरच्या गावी बायकांच्या सुधारगृहात तिला नोकरी मिळते. घरातले म्हणतात, कशाला? तरी ती जाते. मुलीला जावेपाशी ठेवते.

सुधारगृहात तिला काय दिसते? टाकून दिलेल्या बाया, फसवलेल्या बाया. त्यांना सुधारायच्या नावाखाली कोंडून ठेवलेले. आणि बाहेरची मोठी माणसे त्यांचाच गैरफायदा घेणारी. सुलभा याविरुद्ध उभी राहते. वरचे लोक तिला साथ देत नाहीत. शेवटी ती राजीनामा देऊन घरी येते. घरी नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध जुळलेले. मुलगी काकूला लागलेली. सुलभा पुन्हा उंबरा ओलांडते.

हा चित्रपट मी एकदा आमच्या वर्गातल्या बायांना दाखवला. नंतर मोठा वाद झाला. एक म्हातारी म्हणाली, ‘लेकराला टाकून गेली, हे काही बरे नाही केले.’ दुसरी म्हणाली, ‘आमचे धनी ऊसतोडीला सहा-सहा महिने जातात. त्यांनी लेकरे टाकली, असे कोणी म्हणते का?’ म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘तेही खरेच.’

कोण चूक, कोण बरोबर, ते मी सांगत नाही. घरी जाऊन तुम्हीच बोला. पण स्मिताने सुलभेला देवी केले नाही आणि वाईटही केले नाही. मुलीला सोडताना तिच्या जिवाची काहिली होते, ती तोंडावर दिसते. तरी ती जाते. खरी बाई अशीच असते.

पडद्याबाहेर

आता कोणी म्हणेल, हे सगळे सिनेमातले. खऱ्या आयुष्यात तिने काय केले?

तो काळ आठवा. १९७२ साली आपल्याच राज्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात अत्याचार झाला. खटला वरच्या कोर्टापर्यंत गेला. १९७८ साली पोलीस सुटले. हे समजल्यावर १९८० साली ठिकठिकाणच्या बाया रस्त्यावर उतरल्या. मोर्चे निघाले. सरकारला १९८३ साली कायदा बदलावा लागला. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ केला तर तो गुन्हा, असा कायदाही त्याच साली झाला.

याच काळात मुंबईत बायकांनी बायकांसाठी संस्था काढल्या. मार खाऊन आलेली बाई, घरातून हाकललेली बाई, तिने जायचे कुठे? तिला सल्ला द्यायचा, धीर द्यायचा, आधार द्यायचा, हे त्यांचे काम. अशाच ‘विमेन्स सेंटर’ नावाच्या संस्थेत स्मिता होती. नटी म्हणून हार घालून घ्यायला ती तिथे जात नसे. इतर बायांसारखीच तीही एक सभासद. बायांच्या प्रश्नांवर ती उघड बोलत असे. आपल्या कामातूनही ती तेच बोलत होती.

सगळेच तिच्या मनासारखे झाले, असे नाही. लहान चित्रपट थोडेच लोक बघत. म्हणून तिने पुढे मोठ्या, धंदेवाईक चित्रपटांतही कामे केली. त्यांतली काही तिला स्वतःलाच आवडली नाहीत. ‘नमक हलाल’ चित्रपटात पावसात भिजत नाचायचे गाणे होते. ते केल्यावर तिला फार वाईट वाटले. तिने एका विवाहित नटाशी संसार मांडला. त्यावरून तिला बोल लागले. चळवळीतल्या काही बायकाही नाराज झाल्या. हे मी झाकून ठेवत नाही. माणूस म्हटला की त्याला मोह आहे, दुःख आहे, चूकही आहे. तिच्याही वाट्याला ते आले. पण तेवढ्याने तिचे केलेले काम पुसून जात नाही.

१९८५ साली सरकारने तिला पद्मश्री हा किताब दिला.

मिरचीची पूड

तिचा ‘मिर्च मसाला’ हा चित्रपट ती गेल्यावर १९८७ साली लोकांसमोर आला. इंग्रजांच्या वेळची गोष्ट. गुजरातेतले एक खेडे. वसुलीला आलेला सुभेदार गावातल्या सोनबाईवर नजर ठेवतो. ती त्याच्या थोबाडीत मारते आणि पळत सुटते. मिरची कांडायच्या कारखान्यात शिरते. कारखान्याचा म्हातारा राखणदार अबू मियाँ दार लावून घेतो. सुभेदार गावाला म्हणतो, बाई द्या, नाहीतर गाव लुटतो. गावची माणसे म्हणतात, एका बाईपायी गावाचा नाश कशाला? देऊन टाका. आतल्या काही बायाही भितात आणि सोनबाईवरच चिडतात.

म्हातारा मात्र दार उघडत नाही. शेवटी दार फोडतात. म्हातारा मरतो. तेव्हा त्याच भ्यालेल्या बाया उठतात आणि सुभेदाराच्या डोळ्यांत मिरचीची पूड फेकतात. सोनबाई विळा हातात घेऊन उभी. इथे चित्रपट संपतो.

या चित्रपटात मुखियाची बायको आहे. ती आपल्या लहान मुलीला शाळेत घालते. गावात मुलीला शाळेत घालायची रीत नाही. नवरा संतापतो. सोनबाईने विळा उचलला, हिने पाटी. तुम्हीही पाटी उचलली आहे, हे विसरू नका.

शेवट

आता शेवटचे सांगते. २८ नोव्हेंबर १९८६ रोजी स्मिताला मुलगा झाला. आणि पंधरा दिवसांनी, १३ डिसेंबरला, बाळंतपणानंतरच्या दुखण्याने ती गेली. मुंबईसारखे शहर. पैसा होता, डॉक्टर होते. तरी घात झाला.

बायांनो, बाप्यांनो, हे नीट ऐका. बाळंतीण सुटली म्हणजे धोका सुटला, असे समजू नका. पुढचा दीड महिना जपायचे असते. ताप आला, थंडी वाजून आली, अंगावरून फार गेले, घाण वास आला, डोके फार दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, तर बाहेरचे बघू नका. अंगारा लावून वाट बघू नका. आशाताईला हाक मारा. १०८ आकडा फिरवा, गाडी येते. दवाखान्यात न्या. ‘अंगावर काढीन’ असे म्हणायचे बाईने सोडले पाहिजे, आणि ‘काढेल अंगावर’ असे म्हणायचे घरच्यांनी.

स्मिता गेली. पण २०१३ साली सरकारने तिच्या चित्राचे टपाल तिकीट काढले. आणि ते दोन-दोन रुपयांचे ‘मंथन’? त्याची जुनी फीत खराब झाली होती. ती दुरुस्त करून २०२४ साली फ्रान्स देशातल्या कान गावच्या मोठ्या चित्रपट-मेळ्यात दाखवली. अठ्ठेचाळीस वर्षांनी सातासमुद्रापलीकडच्या लोकांनी आपल्या देशातल्या म्हशीवालीची गोष्ट पाहिली.

मघाशी कोणी हसले होते. आता विचारते, या नटीचे काय ऐकायचे? एवढेच ऐकायचे, की आपले नाव, आपले चित्र, आपला अंगठा दुसऱ्याने आपल्याला न विचारता वापरू नये. वापरला तर गप्प बसू नये. बिंदूला कागद वाचता येत नव्हता. तुम्हांला आता येऊ लागला आहे.

तेव्हा उद्यापासून कोणीही कागद पुढे केला, मग तो भाऊ असो, नवरा असो, सावकार असो की सरकारी माणूस असो, आधी म्हणायचे, ‘थांबा. मला वाचू द्या.’ अक्षर लावून लावून वाचायला वेळ लागेल. लागू द्या. त्याला घाई असेल तर त्याने उद्या यावे. समजले तर सही. नाही समजले तर वर्गात घेऊन या. इथे आपण मिळून वाचू.

आता पाट्या काढा. आज प्रत्येकाने आधी स्वतःचे नाव लिहायचे. पूर्ण नाव. मग त्याखाली सही.